टाचेचा चुरा

सकाळी सव्वाअकराच्या सुमारास किचनच्या फरशीवर पहिल्यांदा काळे कण दिसले. दुपारी एक वाजता साडेतीनशे जणांचे जेवण बाहेर पडायचे होते, सगळे बर्नर पेटलेले होते आणि अशा वेळी जमिनीवर काय सांडले आहे हे पाहायला कोणालाच फुरसत नसते. पण कण ओव्हनपासून मधल्या टेबलापर्यंत, तिथून फ्रिजपर्यंत आणि पुन्हा ओव्हनकडे असे पसरत गेले, तेव्हा काणाडोळा करणे शक्य राहिले नाही. माझा पहिला संशय ओव्हनवर गेला, दुसरा चिमणीच्या जाळीवर. ओव्हन सांभाळणाऱ्या मुलाला मी चार शब्द सुनावलेही. मग एक कण उचलून चिमटीत दाबला. करपलेला थर असता तर तो कुरकुरीत तुटला असता आणि काजळी असती तर बोटे काळी झाली असती. हा कण मात्र ओलसर मातीसारखा दबला आणि चिकट भुकटी होऊन बोटाला लागला. तेवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशी हातातले काम थांबवून म्हणाल्या, "साहेब, रागावू नका, पण हे तुमच्याच मागून येतंय."

मी पाय उचलून पाहिला. डाव्या बुटाच्या टाचेचा मागचा अर्धा भाग नाहीसा झाला होता आणि उरलेला भाग बोट लावताच गळून पडत होता.

बूट नवे होते, निदान मी तसे समजत होतो. सहा वर्षांपूर्वी एक जोड पायाला इतका चांगला बसला की त्याच मापाचा दुसरा जोड घेऊन मी तो खोक्यासकट कपाटात ठेवून दिला होता. आदल्या रात्री किचनची मोरी तुंबली, नेहमीचे बूट आतपर्यंत भिजले आणि सकाळपर्यंत वाळले नाहीत, म्हणून हा राखीव जोड बाहेर निघाला. वरचे चामडे चकचकीत होते, खालची नक्षी अगदी कोरी होती. परंतु त्याचा सोल पॉलियुरेथेनचा होता आणि या पदार्थाला हवेतला दमटपणा आतून खातो. पाण्याचा अंश त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडत राहतो, आणि बूट पायात घातला नाही म्हणून ही क्रिया थांबत नाही. बंद खोक्यात, दमट कपाटात तर ती चांगलीच फोफावते. रबराचा सोल जुना झाला की कडक होतो, त्याला भेगा पडतात, पण तो असा चुरा होऊन गळत नाही. हे सगळे मला नंतर समजले. त्या क्षणी मला एवढेच दिसत होते की किचनमध्ये स्वच्छतेवरून सर्वांना धारेवर धरणारा माणूस स्वतःच दीड तास सगळीकडे घाण सांडत फिरला होता.

माग ज्या टेबलांजवळून गेला होता तिथली उघडी भांडी आम्ही एकेक करून तपासली. जमिनीलगतच्या फळीवर ठेवलेले चिरलेल्या भाजीचे दोन ट्रे मी टाकून दिले. त्यांत कण सापडला नव्हता, पण सापडला नाही म्हणजे नाहीच, असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. ओव्हनवाल्या मुलाची माफी मागितली. त्यात वीस मिनिटे गेली आणि ती भरून काढण्याच्या नादात मी दिवसातली दुसरी चूक केली.

लॉकरमध्ये माझे धावण्याचे बूट होते. हलके, मऊ, वरून जाळीचे, आणि सोबत जाड टॉवेलसारखे सुती मोजे. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्याच दिवशी असले बूट किचनमध्ये चालणार नाहीत म्हणून बजावतो. "आजच्या दिवसापुरते" असे स्वतःला सांगून मी ते घातले आणि नाड्यांना सवयीने दुहेरी गाठ मारली.

दीडच्या सुमारास उकळत्या पाण्याचे पातेले शेगडीवरून सिंककडे न्यायचे होते. असे पातेले दोघांनी धरायचे असा आमचा नियम आहे आणि आम्ही दोघांनीच ते धरले होते. सिंकपासून तीन पावलांवर माझी डावी टाच जमिनीला टेकली आणि टेकल्याक्षणीच पुढे सरकली. घसरणे बहुतेक वेळा असेच होते: चवडा अजून हवेत असतो, शरीराचे वजन नुकतेच टाचेवर येत असते आणि टाचेची मागची कड हीच काय ती आपली पकड असते. त्या जागी कोणीतरी काही वेळापूर्वी सांडलेले तेल कोरड्या पोछ्याने पुसले होते. कोरडा पोछा तेल काढत नाही, पसरवतो; उरलेला थर डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर साबणाचे चार थेंब पडले की तो बर्फासारखा वागतो. मी पडलो नाही, कारण कोपर टेबलाच्या कडेत अडकले. पातेले मात्र कलले आणि दोनेक पेले उकळते पाणी माझ्या डाव्या पायावर आले.

पुढचे काही सेकंद मला अजून जसेच्या तसे आठवतात. पाणी जाळीतून थेट आत गेले, मोज्याने ते टिपून घेतले आणि तिथेच धरून ठेवले. मी वाकून नाडी सोडू लागलो तर ओली झालेली दुहेरी गाठ आणखी घट्ट बसलेली. माझ्यासोबत पातेले धरणाऱ्या मुलाने ते खाली टेकवले, कात्री उचलली, नाड्या उभ्या कापल्या आणि बूट व मोजा एकाच झटक्यात ओढून काढला. मोजा कातडीला चिकटला असता तर तो असा ओढायचा नसतो, भोवतीने कापून चिकटलेला तुकडा तसाच राहू द्यायचा असतो. इथे चिकटलेला नव्हता, हे त्याने पाहून घेतले होते. मग त्याने माझा पाय वाहत्या नळाखाली धरला आणि मी दोनदा काढून घ्यायचा प्रयत्न केला तरी घड्याळाकडे बोट दाखवत पूर्ण वीस मिनिटे तसाच ठेवायला लावला. बर्फ आणायला धावलेल्याला त्यानेच परत पाठवले. हे सगळे त्याला मीच शिकवले होते, ही गोष्ट त्या वेळी फारशी समाधान देणारी वाटली नाही.

दवाखान्यात पट्टी बांधण्यापूर्वी डॉक्टरांनी पाय उजेडात धरला, तेव्हा त्यावर बूट आणि मोज्याचा नकाशाच उमटलेला दिसला. नाडीखालच्या जाड जिभेने झाकलेला भाग जवळजवळ शाबूत होता. घोट्याच्या वर, जिथे मोजा पातळ होता आणि पाणी ओघळून गेले होते, तिथे नुसती लाली होती. बोटांच्या मागे, जाळीखाली, जिथे मोजा सर्वांत जाड होता, तिथे दोन मोठे फोड होते. जाड मोजा पायाचे रक्षण करतो ही माझी अनेक वर्षांची समजूत त्या दोन फोडांनी मोडीत काढली. पाणी आत शिरू न देणे हे बुटाच्या वरच्या भागाचे काम आहे. ते एकदा आत शिरले की जाड मोजा गरम पाण्याच्या पट्टीसारखा कातडीला बिलगून राहतो. पाण्याऐवजी तळणीचे तेल असते तर ते १८० अंशांच्या आसपास असते, हा विचार मी त्या रात्री मुद्दाम लांब ठेवला.

घरी बसावे लागलेल्या बारा दिवसांत मी जे बूट निवडले, त्यांच्याइतका विचार आयुष्यात कुठल्याही खरेदीवर केला नव्हता. पहिला धडा असा की बूट हातात घेतला की तो आधी उलटा करायचा. 'घसरत नाही' असे खोक्यावर कोणीही छापू शकतो. खाली किंवा जिभेच्या आत एखादे मानक लिहिलेले आहे का, हे पाहायचे. आयएसओ २०३४७ म्हणजे बोटांवर संरक्षक टोपी नसलेले कामाचे बूट; आयएसओ २०३४५ मध्ये पंजावर २०० ज्यूलचा आघात सोसणारी टोपी असते. दिवसभर अवजड हंडे आणि पोती हलवणाऱ्याला ती टोपी हवी, पण बारा तास शेगडीपुढे उभे राहणाऱ्याला तिचे वजन संध्याकाळी पिंढऱ्यांत जाणवते. घसरणीसाठी जुन्या बुटांवर एसआरए, एसआरबी, एसआरसी अशी अक्षरे सापडतात: पहिले साबणाचे पाणी पसरलेल्या सिरॅमिक फरशीवरच्या चाचणीचे, दुसरे ग्लिसरीन पसरलेल्या पोलादी पत्र्यावरच्या चाचणीचे आणि तिसरे दोन्हींत उतरलेल्या बुटाचे. युरोपीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ही अक्षरे गेली; साबणाच्या पाण्याची चाचणी मूलभूत ठरली आणि त्याशिवाय सिरॅमिकवर ग्लिसरीनच्या चाचणीत उतरणाऱ्याला नुसते एसआर मिळू लागले. अर्थात प्रयोगशाळेतली फरशी आपली नसते. त्यांच्या फरशीवर गोठलेली चरबी आणि ओले पीठ नसते.

म्हणून अक्षरांइतकेच नक्षीकडे पाहावे लागते. ओल्या जमिनीवर सोल आणि फरशी यांच्यामध्ये द्रवाचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि तो बाजूला ढकलला गेला तरच रबर फरशीला भिडते. त्यासाठी नक्षीच्या खाचा सोलच्या कडेपर्यंत उघड्या हव्यात. मधल्यामध्ये बंद झालेल्या सुंदर षटकोनांत पाणी कोंडते, आणि फार बारीक खाचांत दोन दिवसांत पीठ व चरबी भरून त्यांची सपाट पाटी होते. डोंगर चढण्याच्या बुटांचे मोठे गोटेही इथे उपयोगाचे नाहीत, कारण सपाट फरशीला टेकणारे त्यांचे क्षेत्रफळच कमी असते. मी निवडलेल्या सोलला बऱ्याच लहान, धारदार कडांच्या ठोकळ्या आहेत आणि मागची कड किंचित तिरकी आहे. रबर नखाने दाबल्यावर थोडे दबते आणि तेलाने फुगत नाही. वरचा भाग एकसंध, गुळगुळीत, जाळी किंवा भोके नसलेला आहे. नाडी नाही; दोन्ही बाजूंना लवचिक पट्ट्या आहेत आणि हात न लावता दुसऱ्या पायाच्या चवड्याने टाच दाबली की बूट निघतो. दुकानात मी हे पाच वेळा करून पाहिले, तेव्हा विक्रेत्याने बूट आवडले नाहीत का म्हणून विचारले.

आरामाच्या बाबतीतही माझी फसगत आधी झालेली आहे. दुकानातल्या दोन मिनिटांत जो सुखतळ ढगासारखा वाटतो, तो दहाव्या तासाला चपटा होऊन टाचेचे हाड जमिनीला टेकवतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवला तर तो चवड्याच्या रेषेवर वाकावा. मधोमध वाकणारा बूट पायाच्या कमानीला आधार देत नाही. टाचेभोवतीची वाटी अंगठ्याने दाबली तर सहज चेपू नये. माप संध्याकाळीच घ्यावे, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजलेले असतात, आणि दोन पायांत जो मोठा असेल त्याचेच घ्यावे. पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण टाच वर उचलली जाता कामा नये. सैल बुटात पाय आतल्या आत घसरतो आणि बाहेरची पकड कितीही चांगली असली तरी ती पायापर्यंत पोहोचत नाही. माझा डावा पाय उजव्यापेक्षा लांब आहे हे मला वयाच्या चाळिशीनंतर, पट्टी बांधलेल्या पायाचे माप घेताना कळले.

मोज्यांचा मी पूर्वी विचारच करत नसे. जो जोड हाताला लागेल तो घालत असे. निव्वळ सुती मोजा घाम शोषतो आणि मग दिवसभर ओलाच राहतो. ओली कातडी मऊ पडते, घासली जाते आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते. आता मी लोकर आणि थोडा ताणणारा धागा असलेले मध्यम जाडीचे मोजे वापरतो; लोकर बरीच ओल पोटात घेऊनही कातडीला ओली लागत नाही. बोटांवरची शिवण सपाट आहे का, हे मोजा उलटा करून पाहतो, कारण तिथली जाड शिवण आठव्या तासाला खड्यासारखी टोचते. मोजा बुटाच्या काठाच्या बराच वर यायला हवा आणि पँटची खालची कड बुटाच्या बाहेरून पडायला हवी, म्हणजे वरून सांडलेले बाहेर ओघळते. एक जोड लॉकरमध्ये जास्तीचा असतो आणि दुपारच्या सुट्टीत मी मोजे बदलतो. या पाच मिनिटांनी पायांना जेवढे बरे वाटते तेवढे कोणत्याही महागड्या सुखतळाने वाटलेले नाही.

बुटांचे आता दोन जोड आहेत आणि ते एकाआड एक दिवस घातले जातात, जेणेकरून प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळेल. खोक्यात मात्र एकही नाही. काम संपल्यावर जुन्या ब्रशने गरम साबणपाण्यात नक्षी घासतो आणि महिन्यातून एकदा टाचेच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवतो. ठोकळ्यांच्या कडा बोटाला लागेनाशा झाल्या की बूट कितीही चांगला दिसत असला तरी तो किचनबाहेर जातो. कोरडा पोछाही बंद झाला. सांडलेले तेल आधी कागदाने टिपायचे, मग चरबी काढणाऱ्या द्रावणाने आणि गरम पाण्याने धुवायचे आणि वायपरने पाणी ओढून घ्यायचे, असे ठरले आहे. गर्दीच्या वेळी हे पाळले जातेच असे मी म्हणणार नाही.

मी कामावर परतल्यावर आठवडाभराने मोठ्या फ्रिजची खालची सफाई निघाली. मावशींनी केरसुणीने ओढून काढलेला, सुपारीएवढा एक काळा तुकडा कागदावर ठेवून माझ्या टेबलावर आणून दिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "साहेब, तुमची टाच सापडली."