तुम्ही विचारलंत म्हणून: घर म्हापशाला असताना पणजीत हॉटेल का घेतलं

गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकतो आणि पुढं कोणी विचारलं की हेच पाठवणार. घर म्हापशाला, पणजी 13 किलोमीटर, अर्ध्या तासात बस पोचते, मग तिथं दोन रात्री हॉटेलात कशाला राहिलात, तेही गळ्यात कॅमेरा अडकवून, गाइडच्या मागून टुरिस्टासारखे? ऑफिसात हसून झालं. मेहुणा म्हणाला पैसे जास्त झालेत. शेजारच्या काकूंनी तर बायकोला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही बिनसलंय काय गो.

काही बिनसलेलं नाही.

आतापर्यंत मी सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर देत होतो. आपण पणजीला जातो ते कामाला, दाखला, पेन्शन, कोर्ट, काम झालं की कदंबा बसच्या स्टँडवर धावायचं, पणजी बघितलीय कोणी? आणि वर एक जोक मारायचो की राजधानी पणजी खरी पण विधानसभा 2000 सालापासून पर्वरीत, म्हणजे नदीच्या अलीकडे आमच्या बारदेश तालुक्यात, तेव्हा आता पणजीला जायचं ते फिरायलाच. लोक हसायचे, विषय संपायचा. खोटं नाही हे. पण मी पणजी बघितली नव्हती हे मात्र खोटं आहे. मी ती एकदा बघितलेली आहे, अगदी टुरिस्टासारखी, अकरा वर्षांचा असताना, आणि त्याबद्दल मी घरात कधी बोललो नव्हतो.

5 जुलै 1986 ला आमच्याकडून पणजीला जायचा मांडवीवरचा पूल पडला. 1970 साली सुरू झालेला, म्हणजे उणीपुरी सोळा वर्षं टिकला. आमच्या शाळेत महिनाभर दुसरा विषय नव्हता, पूल मोडलो, पूल मोडलो, आणि ज्याने तो प्रत्यक्ष बघितला तो वर्गातला राजा. मी बघितला नव्हता. ऑगस्टच्या शेवटी पपांना जास्त झालं. पोटाचं होतं, आम्हा पोरांना नीट कोणी सांगितलं नाही, म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं पणजीला न्या. तेव्हा गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, बांबोळीला नव्हतं, पणजीतच नदीकाठी होतं. मामांनी टॅक्सी आणली, पपा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर, मी पुढं मामांच्या बाजूला, मला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून. बेतीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग, पाऊस, आणि मग एकदाची टॅक्सी फेरीबोटीत चढली.

आता हे लिहायला जड जातंय पण लिहितो. मी टॅक्सीतून उतरलो आणि रेलिंगला जाऊन चिकटलो. समोर तो पूल, मधेच तुटून पाण्यात गेलेला, खालून गढूळ लाल पाणी, आणि मला इतका आनंद झाला होता की मी ओरडलो, आई बघ! आईनं बघितलं नाही. मामांनी बघितलं, माझ्याकडे, पुलाकडे नाही. मी मनात वर्गातल्या पोरांना सांगायला सुरुवातसुद्धा केली होती.

पुढचे पाच दिवस आम्ही पणजीत. रात्री मामांच्या ओळखीच्यांकडे, पणजीतल्या मळा भागात झोपायचं, दिवसभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. व्हरांड्यात अकरा वर्षांचा मुलगा किती वेळ बसणार? मी फिरायला लागलो. नदीच्या कडेनं सरळ चालत जायचो, चर्चच्या त्या वळणावळणाच्या पायऱ्या चढायचो आणि उतरायचो, परत चढायचो. आणि आदिलशहाच्या राजवाड्याच्या बाजूला तो पुतळा आहे ना, आबे फारियाचा, तिथं उभा राहायचो. तेव्हा मला काय माहीत हा कांदोळीचा, पॅरिसला जाऊन संमोहनविद्या दाखवणारा, 1756 चा जन्म, पुतळा 1945 चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, हे सगळं आता गाइडनं सांगितलं. मला दिसायचं ते एवढंच की एक बाई आडवी पडलीय आणि एक मोठा माणूस तिच्यावर हात पसरून उभा आहे. मला तो डॉक्टर वाटला. मंत्र घालणारा डॉक्टर. आता उठेल, आता उठेल म्हणून बघत राहायचो. पाचव्या दिवशी दुपारी तिथंच होतो, खिशात चणे, पाऊस थांबला होता, मजेत होतो. परत आलो तर व्हरांड्यात आई भिंतीला टेकून खाली बसलेली आणि मामा म्हणाले, खंय गेल्लो रे तूं?

बस, तेवढंच. मारलं नाही, ओरडले नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे चवथ, म्हणजे गणपती, झाली नाही आणि मला फटाक्यांचंही वाईट वाटलं, तेही सांगून टाकतो.

तुम्ही म्हणाल अकरा वर्षांचं पोर ते, त्याचा काय दोष. बायकोही हेच म्हणाली. मीसुद्धा मला हेच सांगत आलोय, आणि त्यावर माझंच उत्तर असं की दोष नाही तर मग चाळीस वर्षं कामाशिवाय त्या गावात पाय का नाही ठेवला? नाटकाला कला अकादमीत कधी गेलो नाही, इफ्फीला, म्हणजे त्या फिल्म फेस्टिव्हललाही नाही. बाजारात काम नसताना एक तास उभा राहिलो नाही. मग एकदम वाटलं, एकदा पैसे देऊन जाऊया. म्हणजे हक्कानं मजा करता येते का बघूया. हे सांगायला कसं वाटतं ते मला माहीत आहे, म्हणून तर तो पर्वरीचा जोक.

बाकी ट्रिप ठीकच. मी सकाळपासून वैतागलेला होतो, कारण गाइड पोरगी हुशार पण जुन्या रायबंदरच्या बांधाबद्दल, तो पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधला वगैरे, आम्हालाच हिंदीतून सांगत होती. फोंतेन्यासात, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांच्या वाड्यात, मी एका पिवळ्या घराचा फोटो काढत होतो तर खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, फोटो मत निकालो. मला राग आला. म्हटलं, बाये, हांव म्हापशाचो. ती म्हणाली, मागीर तुका फोटो कित्याक जाय? म्हणजे, मग तुला फोटो कशाला हवा? मला उत्तर सुचलं नाही. फोटो पुसून टाकला. त्या लोकांच्या दारात दिवसभर कोण ना कोण पोज देत उभं असतं, त्यांचं चुकत नाही.

जुन्या गोमेकॉसमोर गाइडनं सांगितलं की 2004 पासून इफ्फी इथं भरतो आणि त्याआधी हे मेडिकल कॉलेज, मूळ शाळा 1842 ची. इफ्फीचे दिवस नव्हते, सगळं सामसूम. बायकोनं हळूच विचारलं, कुठली खिडकी? मला आठवेना. खरंच आठवेना, वॉर्ड वर होता की खाली तेही नाही, तो व्हरांडा कुठला तेही नाही. मी एका खिडकीकडे बोट दाखवलं. ती बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली. तिला अजून सांगितलं नाही, म्हणजे आता वाचेलच.

आबे फारियासमोर गाइडनं ग्रुपला विचारलं, सांगा हा काय करतोय? एक काका म्हणाले गळा दाबतोय, सगळे हसले. मीपण हसलो.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर बायको आडवी झाली आणि मी खाली उतरून चालत धक्क्यावर गेलो. पायी माणसाला फेरीबोट फुकट. वर अटल सेतूचे दिवे, पाण्यात कॅसिनोंचे दिवे, कोणाचं तरी पोर रेलिंगला लोंबकळत होतं आणि त्याचा बाप फोनवर. छान वाटत होतं. बेती आली, माणसं उतरली, वर रस्त्यावर म्हापशाची बस उभी दिसत होती. मी उतरलो नाही, तसाच परत आलो.