आमची वाटचाल : रेडियम कटिंगपासून फॉन्टपर्यंत

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, फ्लेक्स काय रेट? फ्लेक्स आम्ही छापत नाही हो. आम्ही अक्षरं काढतो. म्हणजे दुकानाचं नाव, कंपनीचा मराठी लोगो, दिवाळी अंकाचं शीर्षक, लग्नपत्रिकेवरची नावं, आणि गेली काही वर्षं फॉन्टसुद्धा. एवढं सगळं ऐकून समोरचा म्हणतो बरं बरं, मग फ्लेक्स कुठं मिळेल? शेजारचं दुकान दाखवतो, त्याचा धंदा निम्मा आमच्यावर चालतो असं तो स्वतःच म्हणतो.

सुरुवात २०११ ची. कोल्हापुरात शाहूपुरीत एक खोली, दोन कॉम्प्युटर, कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि एक सेकंडहँड कटिंग प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं अक्षर स्टिकरच्या शीटमधून कापणारं मशीन. काम काय तर गाड्यांवर रेडियम लावायचं, "आईचा आशीर्वाद", नंबरप्लेटवर "दादा" असं वाचता येईल असले आकडे (ते आता बंद झालंय, बरं झालं), आणि फ्लेक्सवाल्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छांचं डिझाइन करून द्यायचं. डिझाइन म्हणजे तरी काय, फोटो कापायचे, मागं सूर्यकिरण टाकायचे आणि चार ठरलेल्या फॉन्टपैकी एक लावून त्याला पिवळा गाभा आणि लाल आउटलाइन. गावातल्या कुठल्याही चौकात उभं राहिलं तरी तीच चार अक्षरं दिसायची, नाव तेवढं वेगळं. पैसे मिळत होते, खोटं कशाला बोलू, पण कंटाळा यायचा.

अक्षरांचा नाद लावला तो एका पेंटरकाकांनी. फ्लेक्स आल्यावर त्यांचं बोर्ड रंगवायचं काम जवळजवळ संपलेलं, अधूनमधून शाळेच्या भिंती आणि ट्रकची मागची बाजू एवढंच उरलेलं, आणि रेडियम कापून घ्यायला ते आमच्याकडे यायचे. मी स्क्रीनवर टाइप केलेलं नाव बघून ते म्हणायचे, हे असं का रे ढिलं दिसतंय? मग खिशातला खडू काढून तेच नाव फरशीवर काढायचे. आधी दोरीला खडू लावून फटकारून शिरोरेषा पाडायची, मग सगळे दंड, म्हणजे अक्षरांच्या उभ्या रेघा, मारून घ्यायचे आणि पोटं, म्हणजे गोल भाग, शेवटी भरायची. अंतर पट्टीनं कधी मोजलं नाही त्यांनी. ग आणि र शेजारी आले की मधे भगदाड पडतं, तिथं अक्षरं जवळ घ्यायची, आणि र च्या पुढं व आला तर उलट लांब न्यायची, नाहीतर मिठाईच्या दुकानावर "रवा लाडू" च्या जागी "खा लाडू" वाचलं जातं. ते हसत सांगायचे पण मुद्दा खराच आहे, त्यासाठीच तर हल्ली ख चा खालचा भाग जोडून काढतात.

त्यांच्यामुळं मी बोरू, म्हणजे छाटलेल्या टोकाची वेताची लेखणी, हातात घेतला. त्याआधी इंग्रजी कॅलिग्राफीचा निब आणून मराठी काढायचा प्रयत्न चालला होता आणि अक्षरं सगळी परकी दिसायची. कारण साधं आहे, निब धरायचा कोन वेगळा. इंग्रजीत जी तिरकी रेघ बारीक येते ती देवनागरीत जाड हवी, आणि जी जाड येते ती बारीक हवी, म्हणून बोरूचा छाट उलट्या बाजूचा असतो. हे एकदा हाताला कळलं की फॉन्ट बघायची नजरच बदलते, कुठला फॉन्ट बोरूतून आलाय आणि कुठला इंग्रजी अक्षरांचे तुकडे जोडून केलाय ते लांबूनच दिसायला लागतं.

मग रद्दीवाल्यांकडे जुनी पुस्तकं शोधायचं वेड लागलं. मजकुराशी काही घेणंदेणं नाही, फक्त टाइप, म्हणजे छपाईच्या खिळ्यांचं अक्षर, बघायचा. निर्णयसागरची पानं भिंगाखाली बघितली आणि थक्क झालो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना, त्यांच्या जोडीला राणोजी रावजी आरू पोलादावर हातानं अक्षर कोरणारे, आणि त्या एवढ्याशा टाइपात जोडाक्षरं कशी बसवलीत! आज आपण झूम करून करून जे करतो ते त्यांनी आरशातलं उलटं अक्षर कोरून केलंय. दुसरीकडं कमल शेडगे. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती आम्ही लहानपणी नुसत्या बघायचो, नंतर कळलं की शीर्षकाच्या अक्षरातच नाटकाचा स्वभाव उतरवणारा माणूस होता तो. आणि र. कृ. जोशी, ज्यांनी विंडोजमधला मंगल हा फॉन्ट केला. सरकारी ऑफिसात युनिकोडला (कुठल्याही कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसावीत म्हणून ठरवलेल्या पद्धतीला) लोक सरसकट "मंगल" म्हणतात आणि त्याला नावं पण ठेवतात, पण त्या काळातल्या जाड पिक्सेलच्या स्क्रीनवर देवनागरी नीट वाचता येणं हेच केवढं अवघड होतं हे नावं ठेवणाऱ्यांनी जरा बघावं.

धंद्याचं म्हणाल तर दोन हजार चौदा-पंधरापर्यंत नुसत्या लेटरिंगवर घर चालत नव्हतं. लोगोचे पैसे मागितले की लोक म्हणायचे, चार अक्षरंच तर आहेत. त्याच सुमाराला चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळायला लागले, मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे मुक्त, बलू, मोदक हे सगळे गुगल फॉन्ट्सवर. मोदक बघितला नसेल तर जरूर बघा, एवढं गुबगुबीत अक्षर, आतली पोकळी नुसती फटीएवढी उरलेली आणि तरी वाचता येतं. आमच्या लाइनीतले काहीजण तेव्हा वैतागले होते, फुकट मिळाल्यावर आपल्याला कोण विचारणार म्हणून. माझं मत वेगळं होतं आणि अजून आहे. चांगलं अक्षर रोज मोबाईलवर बघायला लागल्यावर गिऱ्हाइकाला वाईट अक्षर खुपायला लागतं, आणि खुपलं की तो आमच्याकडं येतो.

खरी उडी मात्र कायद्यानं दिली. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनापण मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर बाकीच्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असंही आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर आमचा फोन थांबेना. इथल्याच व्यापाऱ्यांच्या मुंबई-पुण्याला शाखा, सगळ्यांचे लोगो इंग्रजीत, आणि सगळ्यांना मराठी पाटी ताबडतोब पाहिजे. बहुतेकांनी आधी बोर्डवाल्याकडूनच कुठला तरी फॉन्ट टाकून घेतला होता. त्यात काय काय बघितलं म्हणून सांगू, वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन पडलेली, रफार भलत्याच डोक्यावर, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं हलन्त. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू केलं नाही की असं होतं, आणि एसीपी शीट (पाट्यांसाठी वापरतात तो ॲल्युमिनियमचा थर असलेला पत्रा) कापून वर चढल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं.

उंचीचा पण घोळ. इंग्रजी कॅपिटल अक्षर वरपासून खालपर्यंत सगळी उंची खातं, मराठीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार. दोन्ही ओळी प्रत्येकी एकूण एक फुटाच्या केल्या की मराठीचं मूळ अंग जेमतेम सहा-सात इंच उरतं आणि पाटी कायद्यात बसली तरी मराठी बारकं दिसतं. आम्ही शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंतचं माप धरतो आणि ते इंग्रजी कॅपिटलच्या बरोबरीला आणतो, मग मात्रांना लागेल तेवढी जागा वर सोडायची. यावरून गिऱ्हाइकाच्या इंटिरियरवाल्यांशी दर वेळी वाद होतो, बोर्डची उंची वाढते म्हणून.

आणखी एक गोष्ट जी कॉलेजात कोणी शिकवत नाही. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी बनवून सुटी ठोकता येतात, मराठी शब्द शिरोरेषेनं जोडलेला म्हणजे एकच सलग तुकडा. आठ फुटी शीटपेक्षा नाव लांब झालं की सांधा येणारच, तो कुठं घ्यायचा हे अक्षर काढतानाच ठरवावं लागतं, आम्ही तो दंडाच्या आड लपवतो. अनुस्वाराचा ठिपका मात्र एकटा, त्याला मागून वेगळा टेकू. आतून लाइट लावायचा असेल तर शिरोरेषा बारीक ठेवून चालत नाही, एलईडी मॉड्यूल बसणार कुठं? म्हणजे कागदावर देखणं अक्षर भिंतीवर चालेलच असं नाही. आमची एक सहकारी कलानिकेतन या कला महाविद्यालयातून आलेली आहे, तिला सगळं बारीक आणि नाजूक आवडतं, तिला मी पहिल्यांदा फॅब्रिकेटरच्या, म्हणजे पाटी प्रत्यक्ष बनवणाऱ्याच्या, वर्कशॉपमध्ये नेऊन उभं केलं. आता तीच मला सांगते, सर ही शिरोरेषा उजळणार नाही.

ल आणि श बद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. बऱ्याच फॉन्टमध्ये हे दोन्ही हिंदी वळणाचे येतात, त्यात चूक काही नाही, हिंदीत ते बरोबरच आहेत, पण मराठी पाटीवर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श पाहिजे. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातही तेच आहे. चांगल्या फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की आकार आपोआप बदलतात, पण निवडतो कोण! तसाच तो ऱ्य. एका केटरिंगवाल्यांच्या पत्रकात "आचाऱ्यांना" चं "आचार्यांना" झालं होतं, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना चंद्रकोरीसारखा अर्धा र गायब झालेला. स्वयंपाक्यांची भरती निघाली होती आणि वाचणाऱ्याला वाटावं मठाची जाहिरात आहे.

पाट्यांच्या पैशातून मग फॉन्ट सुरू केले. खरं सांगायचं तर फॉन्ट विकून आमचं भागत नाही, पाट्या फॉन्टला पोसतात. एक फॉन्ट म्हणजे नुसती बाराखडी नव्हे, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकार काढावे लागतात. पहिल्या वेलांटीच्याच कितीतरी रुंद्या, कारण "कि" ची वेलांटी "क्ति" ला पुरत नाही, तिचं टोक दंडापर्यंत पोचायला हवं. हे सगळं करून फाइल होते एवढीशी, व्हॉट्सॲपवरनं जाईल अशी. आणि जातेच. एका बोर्डवर आमचाच फॉन्ट बघितला, ज्यानं विकत घेतला नव्हता त्याच्या. भांडलो नाही, आत जाऊन सांगितलं की तुमच्याकडं जुनी आवृत्ती आहे, यात ळ नीट नाही, नवीन घ्या. त्यानं घेतली. पैसे देऊन.

सध्या पेंटरकाकांच्या अक्षरांवरनं एक जाड फॉन्ट चाललाय. त्यांच्याकडून कागदावर ब्रशनं सगळी अक्षरं काढून घेतली, रीतसर करार करून, विक्रीतला वाटा त्यांचा. शीर्षकाला तो झकास दिसतो. पण एका साप्ताहिकाला तो उपशीर्षकालाही पाहिजे आणि तिथं "चिठ्ठी", "पट्टी" असले शब्द आले की एकाखाली एक रचलेले ठ्ठ आणि ट्ट खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. त्यांचा पान लावणारा म्हणतो ओळींमधलं अंतर वाढवणार नाही, पानात मजकूर बसत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले खालचा ठ चपटा कर की, आम्ही ट्रकवर जागा नसली की तसंच करायचो. चपटा करून बघितला, लहान साइजला त्याचं पोट बुजतंय. आता शेजारी शेजारी आडवे मांडून एक आवृत्ती केलीय, ती या आठवड्यात साप्ताहिकाकडं छापायला देतोय.