इरकल घेताय? आधी पदर उलटा करून बघा

लग्नसराई आली की बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार नुसता फुलून जातो आणि कुणीतरी हमखास विचारतंच, इरकल घेऊ का पैठणी? अगं पैठणी छानच, पण दिवसभर पंगती वाढत फिरायचंय ना, मग इरकल घे की.

हिचं मूळ गाव इलकल, बागलकोट जिल्ह्यातलं. अंगाचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, वेगळा, पदराचा लाल रेशमी ताणा वेगळा, आणि विणकर दोन्हींचे धागे एकमेकांत फासे करून अडकवतात, त्याला टोप तेनी म्हणतात, त्यामुळं प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र लावावा लागतो, किती चिवट काम! म्हणून दुकानात पदर उलटा करायचा आणि जोडाची जागा बोटानं चाचपायची. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. छापील पदर असेल तर हाताला काहीच लागत नाही.

ब्लाऊज गुळेदगुड्डच्या खणाचाच हवा, आणि प्लीज मॅचिंग नको, हिरव्या साडीवर जांभळा खण काय उठून दिसतो! सुती अंगाची नवी इरकल नेसताना निऱ्या फुगतात, एकदोन धुण्यांनंतर बसतात. पहिलं धुणं मात्र वेगळं, थंड पाण्यात, लाल रंग सुटू शकतो. आमच्या सासूबाई नऊवारीच नेसतात, त्यांना निऱ्यांचं हे टेन्शनच नाही, कासोटा घातला की दिवसभर हलत नाही.

कसूतीचं भरतकाम केलेली हवी असेल तर ऑर्डर लवकर द्या, धागे मोजून हातानं टाके घालतात, लग्नाच्या आठवडाभर आधी कुणी घेणार नाही.