ग्रूट कॉन्स्टँशियाला जाताय? ड्रायव्हरला 'ग्रूट' दोनदा सांगा

केपटाऊनला जानेवारीत गेलो होतो, तिथली ग्रूट कॉन्स्टँशिया ही जुनी वाइन इस्टेट बघायची होती. ड्रायव्हर म्हणाला कॉन्स्टँशिया एकच आहे, आणि आम्हाला क्लाइन कॉन्स्टँशिया या दुसऱ्याच इस्टेटच्या गेटवर उतरवलं, वर परतीचं वेटिंग म्हणून दुप्पट पैसे घेतले. नंतर कळलं की 1712ला मूळ मालक सायमन व्हॅन डेर स्टेल वारल्यावर मूळ इस्टेटचे तुकडे पडले, नावं मात्र सगळीकडे कॉन्स्टँशियाच. रागाच्या भरात आम्ही चालत निघालो आणि तिथेच चुकलो. फुटपाथ जागोजागी गायब, गाड्या अंगावरून जातात, ऊन डोक्यावर आणि वारा असा की टोपी हातात धरूनच चालायचं. त्या वाऱ्याला तिकडे केप डॉक्टर म्हणतात. तो रस्ता पायी करू नका, सरळ अॅपवरून गाडी मागवा.

पण पोचल्यावर पाय विसरलो. ओकच्या झाडांमधून समोर पांढरं, गवताने शाकारलेलं घर. 1685ला केपचा तेव्हाचा डच प्रमुख व्हॅन डेर स्टेल याला ही जमीन मिळाली. त्याच्या आईची आई भारतातून आणलेली गुलाम बाई होती, हे वाचून मी तिथेच थांबलो. पुढे इथल्या द्राक्षमळ्यात राबलेल्या गुलामांतही बंगाल, मलबारकडची माणसं होती. म्युझियममध्ये गुलामांबद्दलचा भाग आहे, तो आधी बघा, वाइन टेस्टिंग नंतर. लोक उलटं करतात आणि मग बघायचं त्राण उरत नाही.

1778ला हेंड्रिक क्लोएटने इस्टेट घेतली आणि गोड वाइनचं नाव युरोपभर केलं, नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना हीच प्यायचा. द्राक्षं वेलावरच बेदाण्यासारखी सुकू द्यायची म्हणजे गोडी दाट होते. 1791च्या वाइन साठवायच्या इमारतीच्या दर्शनी भागावरचं शिल्प मात्र जवळ जाऊन बघा, गरुडासोबत ग्रीक पुराणातला गॅनिमीड आणि द्राक्षांमध्ये गुबगुबीत पोरं, एकेक मणी मोजता येईल इतकं बारीक काम. घर 1925ला जळालं होतं, आज दिसतं ते पुन्हा उभारलेलं.

टेस्टिंग ठीक, पण गोड वाइन सोडू नका. जेवण महाग, मी तरी पुन्हा तिथे जेवणार नाही. दुपारी तीननंतर पोचलात तर घर बघायला घाई होते, आम्हाला मागच्या खोल्या धावतच बघाव्या लागल्या. सकाळी उघडायच्या वेळेला जा, पाण्याची बाटली आणि वाऱ्याला पुरेल असं जाकीट सोबत ठेवा.