पट्टीवर तीन प्लस, यंत्रावर १९

मधुमेह ओपीडीतून आलेल्या एका लघवीच्या नमुन्याचे दोन निकाल एकाच पानावर शेजारी शेजारी होते. डिपस्टिकवर, म्हणजे लघवीत बुडवायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीवर, प्रथिनं तीन प्लस. प्रयोगशाळेच्या यंत्रावर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, लिटरमागे १९ मिलिग्रॅम. क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ८५ मिलिग्रॅम, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे मिलिग्रॅम अल्ब्युमिन) २२. मर्यादा ३० ची, त्यामुळे संगणकाच्या हिशेबात रिपोर्ट नॉर्मल होता आणि सहीसाठी पुढे आला होता.

पट्टीवरचे तीन प्लस म्हणजे डेसिलिटरला साधारण ३०० मिलिग्रॅम, लिटरला ३०००. हे आणि १९ दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. अशा वेळी पहिली शंका पट्टीवर घेतली जाते, कारण ती स्वस्त आणि यंत्र महाग. आम्हीही आधी पट्टीच तपासली. लघवी फार अल्कधर्मी असेल, पीएच ८ च्या वर, तर पट्टी खोटी हिरवी होते; भांड्यात क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक राहिलं असेल तरीही. इथे पीएच ६ होता आणि डबी नवी, एकदाच वापरायची. मग सेंट्रिफ्यूज करून वरची स्वच्छ लघवी घेतली, तेवढंच ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक ॲसिड घातलं, ते प्रथिनांना साकळवतं. नळीत दही फुटल्यासारखे गोळे. प्रथिनं होती, आणि भरपूर होती.

ती अल्ब्युमिन सोडून दुसरी काही असतील का? मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात लघवीत लाइट चेन्स, म्हणजे अँटिबॉडीचे तुकडे, येतात, पण त्या पट्टीला जवळजवळ दिसतच नाहीत. पट्टीचा रंग बदलतो तो मुख्यतः अल्ब्युमिनमुळे. म्हणजे संशय आता यंत्रावरच्या १९ वर आला.

हा आकडा येतो कसा, ते नीट पाहू. अभिकर्मकाच्या, म्हणजे चाचणीच्या रसायनाच्या, दोन बाटल्या असतात; दुसरीत असतं शेळीचं अँटिसिरम, म्हणजे अँटिबॉडी असलेला रक्तद्रव. शेळीला माणसाचं शुद्ध अल्ब्युमिन टोचतात, तिच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ती त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते. ही एकाच जातीची अँटिबॉडी नसते. अल्ब्युमिनच्या रेणूवरच्या वेगवेगळ्या जागा ओळखणाऱ्या अनेक अँटिबॉडींचं ते मिश्रण असतं, आणि या चाचणीला नेमकं तेच हवं असतं. प्रत्येक अँटिबॉडीला दोन बाहू. एका बाहूत एक अल्ब्युमिन, दुसऱ्यात दुसरं, त्या दुसऱ्याला आणखी एक अँटिबॉडी, असं जाळं वाढत जातं. द्रव गढूळ होतो आणि ३४० नॅनोमीटरला ही गढूळता मोजली जाते. पहिल्या बाटलीतल्या बफरमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं, ते जाळं लवकर बांधायला मदत करतं. एकाच जागेला चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी एकटीच वापरली तर असं जाळं बनत नाही.

आता अल्ब्युमिन बेसुमार असेल तर? प्रत्येक बाहूला स्वतंत्र अल्ब्युमिन मिळतं. दोन अँटिबॉडींना जोडणारा दुवाच उरत नाही, जाळं होत नाही, द्रव स्वच्छ राहतो. हायडेलबर्गर आणि केंडल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या आलेखात हे स्पष्ट दिसतं: अँटिजेन (इथे अल्ब्युमिन) वाढवत गेलं की साका आधी वाढतो, शिखरावर पोचतो आणि मग उतरतो. त्या उतरणीवरची गढूळता चढणीवरच्या एखाद्या गढूळतेइतकीच असते. यंत्र तिला चढणीवरचीच समजतं. बोलीत याला आपण प्रोझोन किंवा हुक इफेक्ट म्हणतो.

आमच्या अभिकर्मकाची मोजमापाची व्याप्ती लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत. ०.९ टक्के सलाइनमध्ये १०० मायक्रोलिटर लघवी आणि ९०० सलाइन असं दहापट पातळ केलं. आकडा आला २१२, दहाने गुणून २१२०. बरेच जण इथेच थांबतात, आणि तेच घातक आहे, कारण २१२ व्याप्तीत बसतो आणि खरा वाटतो. त्यातलेच १०० मायक्रोलिटर घेऊन पुन्हा दहापट पातळ केलं, म्हणजे एकूण शंभरपट: ५८, गुणून ५८००. दोनशेपट: २८.७, गुणून ५७४०. शेवटचे दोन जुळले, पहिला जुळला नाही. दहापट पातळ करूनही नमुना उतरणीवरच होता. लागोपाठच्या दोन पातळीकरणांतून गुणाकार एकच येईपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवू नये. शंभरपट करताना १० मायक्रोलिटर थेट ओढण्यापेक्षा दोन टप्पे बरे, छोट्या मापात पिपेटची चूक मोठी होते.

गुणोत्तर आता ६८०० च्या वर गेलं. २२०० च्या पुढे नेफ्रोटिक पातळी, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनांची मोठी गळती, मानतात. त्याच रुग्णाचं रक्तातलं अल्ब्युमिन डेसिलिटरला १.९ ग्रॅम होतं, तेही ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगाच्या पद्धतीने. हा रंग अशा रुग्णांत अल्फा ग्लोब्युलिनलाही चिकटतो आणि आकडा थोडा फुगवतो, म्हणजे खरं मूल्य याहून खालीच असणार. ओपीडीत फोन केला तेव्हा निवासी डॉक्टर म्हणाल्या, "सर, पायावर सूज आहेच, पण लघवीचा रिपोर्ट नॉर्मल येईल म्हणून हृदयाकडे बघत होतो." रिपोर्ट अजून गेला नव्हता, हे फार बरं झालं.

यंत्राला हे कळायला हवं होतं. अभिक्रियेचा आलेख उघडून पाहिला तर खूण स्पष्ट होती: अँटिसिरम पडताक्षणी रेष उभी चढली आणि लगेच सपाट झाली. खऱ्या १९ ची रेष संथपणे, शेवटपर्यंत चढत राहते. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग ताडून पाहणारी प्रोझोन तपासणी यंत्रात होती, पण खुल्या प्रणालीवर (कुठल्याही कंपनीचा अभिकर्मक चालणाऱ्या यंत्रावर) बाहेरचा अभिकर्मक बसवताना पुरवठादाराने दिलेल्या पॅरामीटर्सच्या तक्त्यात ती बंद होती. हाताने खात्री करायची तर क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजमापाच्या छोट्या भांड्यात, आणखी थोडं अँटिसिरम घालावं. अँटिजेन जास्त असेल तर गढूळता पुन्हा वाढते. इथे ती वाढली.

ती तपासणी त्याच दुपारी सुरू केली आणि संगणकात नियम घातला: पट्टी दोन प्लस किंवा जास्त आणि अल्ब्युमिन ३०० च्या आत असेल तर रिपोर्ट अडेल, नमुना शंभरपट पातळ होऊन पुन्हा चालेल. त्या नमुन्याच्या लगेच मागे चाललेली लघवीही परत लावली. ५८०० मधलं हजारातलं एक जरी सुईला चिकटून पुढे गेलं, तरी पुढच्या रुग्णाच्या आकड्यात जवळजवळ ६ मिलिग्रॅमची भर पडते. मागच्या नोंदी चाळल्यावर असेच न जुळणारे आणखी काही निकाल सापडले. जुने नमुने उणे २० अंशांवर ठेवलेले होते, पण तिथे अल्ब्युमिन साक्यात बसून कमी मोजलं जातं, त्यामुळे ते न वापरता त्या रुग्णांना सकाळच्या पहिल्या लघवीसाठी पुन्हा बोलावलं.