अडीच ते पाच

घोडबंदर रोडवरच्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी प्रशासन पाहते. एका सकाळी कळव्याचा एक तरुण वडिलांचे केस पेपर मागायला आला. वडील हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच रात्री गेले होते. मी अर्जावर तारीख-वेळ टाकून पोच दिली. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार असे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच, रघुनाथ रहेजा प्रकरणात, गोपनीयतेची सबब सांगून केस पेपर अडवता येणार नाहीत असं बजावलं होतं. तरी ‘आमच्या वकिलांना विचारून सांगतो’ म्हणत नातेवाइकांना हेलपाटे घालायला लावतात. याची मला मनापासून चीड आहे.

फाइल मागवून चाळली. रात्री अडीच ते पहाटे पाच या वेळात डॉक्टरांची एकही नोंद नव्हती. सिस्टरच्या चार्टवर उतरत गेलेलं बीपी होतं, इंजेक्शनच्या वेळा होत्या. ती कुणी द्यायला सांगितली, ते कुठेच नव्हतं.

दुपारी सर्जन आले. “मॅडम, फाइल अर्धा तास द्या. नोट्स तेवढ्या पूर्ण करतो.”

हे डॉक्टर लबाड नाहीत. त्या रात्री आरएमओने, म्हणजे रुग्णालयात हजर असलेल्या निवासी डॉक्टरने, त्यांना फोन केले होते, त्यांनी सलाइन वाढवायला सांगितलं, औषधं सांगितली, आणि पाचला ते स्वतः येऊन पोचले. आरएमओ रुग्णापाशी धावपळ करत होता, लिहायचं राहून गेलं. “झालं तेच लिहितोय ना मी,” ते म्हणाले. “यात खोटं काय?”

खोटं एवढंच होतं, की आज दुपारी लिहिलेल्या ओळीवर ‘रात्री २.४०’ अशी वेळ पडणार होती. मग वाचणाऱ्याला वाटणार, हे त्या क्षणी रुग्णाकडे बघून लिहिलंय. वडिलांच्या शेवटच्या तासांचा तेवढाच पुरावा त्या मुलाकडे उरला होता, आणि तो परिणाम माहीत असलेल्या माणसाच्या हातून लिहिला जाणार होता. राहिलेली नोंद नंतर करायला कायद्याची आडकाठी नाही. शेवटच्या नोंदीखाली, आजची तारीख-वेळ घालून, ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट म्हणून, सहीनिशी करायची. मी त्यांना हेच सुचवलं. ते भडकले. “म्हणजे मीच माझ्याविरुद्ध पुरावा देऊ?”

दहा मिनिटांत संचालकांचा फोन. “आपल्याच डॉक्टरला आपण अडवायचं?”

“साहेब, फार्मसीचं बिल, मॉनिटरची नोंद, फोनचे कॉल हे सगळं फाइलच्या बाहेर आहे. उद्या ग्राहक आयोगात ते फाइलशी ताडून बघतील. पण ते राहू द्या. कुणी कधीच बघणार नसतं, तरी मी फाइल दिली नसती.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” हा आधार नव्हता, पण मनाईही नव्हती. मी पानांवर क्रमांक घालून घेतले, पूर्ण झेरॉक्स संच काढला, प्रत्येक पानावर एमआरडी (रुग्णांच्या नोंदी ठेवणारा विभाग) प्रमुखाची आणि माझी सही. त्यानंतरच डॉक्टरांनी माझ्यासमोर उशिराची नोंद केली. आरएमओनेही स्वतःची वेगळी केली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तेव्हा मी सर्जनना बसायला सांगितलं होतं. ते येतील याची मला खात्री नव्हती. ते आले. मुलाने ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, “पाचपर्यंत तुम्ही का नाही आलात?”

“फोनवर वाटलं, औषधाला साथ मिळतेय,” डॉक्टर म्हणाले. “मी आधीच निघायला हवं होतं.”

मुलगा कागद घेऊन गेला. तक्रार करायची की नाही, हा त्याचा प्रश्न. आम्ही कुणी त्याला तो विचारला नाही.

मला मात्र एक गोष्ट सलत होती. त्या दुपारी मी रजेवर असते तर? फाइल सहज दिली गेली असती. म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीत मी दोन लेखी नियम मांडले. फोनवरची सूचना घेणाऱ्याने ती वेळेसह लगेच लिहायची, परत वाचून दाखवायची आणि डॉक्टरांनी २४ तासांत त्यावर सही करायची. आणि मृत्यू झाला किंवा कागदांचा अर्ज आला, की फाइल एमआरडीच्या कपाटात कुलूपबंद. किल्ली उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे नाही, इतर कुणाही डॉक्टरकडे नाही.

“माझ्याकडेही नाही?” संचालकांनी विचारलं.

“तुमच्याकडेही नाही, साहेब.”

ठराव मंजूर झाला. एक मत विरोधात होतं.