त्यात घडतं तरी काय?

"अहो, पण त्या सिनेमांत घडतं तरी काय?" हा प्रश्न मला ऑफिसात डबा खाताना विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडून पडलेली असताना विचारलाय. 'ते सिनेमे' म्हणजे युरोपातले, खाली सबटायटल्सवाले, कुणी फारसं न बोलणारे. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आधी कबुली देते. झोप लागते. बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा 'द ट्यूरिन हॉर्स' बघताना मला चांगली डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा बाप-लेक अजून उकडलेले बटाटेच खात होते. काही चुकलं असं वाटलं नाही! आणि नुसतं संथ असलं की थोर, असंही मी मानत नाही. एखाद्याच्या पाठीमागून कॅमेरा दहा मिनिटं चालत राहिला की मीही घड्याळ बघते.

पण २०२३ चा 'फॉलन लीव्ह्ज' घ्या. फिनलंडच्या आकी कौरिस्माकीचा. हेलसिंकीत एकटी राहणारी आन्सा सुपरमार्केटात कामाला आहे. मुदत संपलेला, फेकूनच द्यायचा जिन्नस पिशवीत टाकला म्हणून तिची नोकरी जाते. रेडिओ लावावा तर युक्रेनमधल्या युद्धाच्या बातम्या. होलाप्पा नावाच्या एका कामगाराशी ओळख होते, तर तिने दिलेला फोन नंबरचा कागद त्याच्या खिशातून वाऱ्यावर उडून जातो. पुढे कधीतरी ती त्याला जेवायला बोलावते. आणि त्याआधी दुकानात जाऊन एक ताटली, एक काटा, एक सुरी विकत आणते.

एक! म्हणजे आजवर घरात दुसरी ताटलीच नव्हती. आपल्याकडे स्टीलची ताटं रुखवतात येतात, वाढदिवसाला येतात, कुणाच्या तरी नावाची अक्षरं कोरून फळीवर वर्षानुवर्षं पडून असतात. दुसरं ताट नसलेलं घर मला आधी डोळ्यांपुढे आणताच येईना. ते दृश्य काही सेकंदांचं असेल, पण त्या बाईची सगळी वर्षं त्यात कळली. जेवण होतं, त्याच्या दारूवरून बिनसतं. बाप आणि भाऊ दारूपायी गेलेली बाई ती, तिला बेवडा नको असतो. तो उठून जातो. ती ताटली उचलते आणि कचऱ्यात टाकते. रडणं नाही, पार्श्वसंगीताचा धबधबा नाही. आता यात काही घडलं नाही म्हणायचं?

त्याच वर्षीच्या जोनाथन ग्लेझरच्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'मध्ये तर घडतं ते सगळं भिंतीपलीकडे. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीला लागून कमांडंट ह्योसचं घर, बाग, मुलांसाठी पाण्याचा हौद. छावणीच्या आतली छळाची दृश्यं दाखवतच नाहीत; गोळ्या, किंकाळ्या आणि एक अखंड घरघर फक्त ऐकू येते. हळूहळू ती घरघर मलाही ऐकू येईनाशी झाली, आणि ते लक्षात आल्यावर मी खुर्चीत नीट सावरून बसले. मुक्कामाला आलेली ह्योसची सासू मात्र रात्रीतून निघून जाते, मागे चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीत काय होतं ते आपल्याला वाचायला मिळत नाही. तिची मुलगी, म्हणजे ह्योसची बायको, ती वाचून जाळून टाकते.

'फॉलन लीव्ह्ज' मी परत बघते, 'द झोन ऑफ इंटरेस्ट' परत बघण्याची हिंमत नाही.

आणि हो, तो हरवलेला नंबर. होलाप्पा मग ज्या थिएटरात ते गेले होते, त्याच्याच दारात तिची वाट बघत उभा राहतो. ती पोचते तेव्हा तो गेलेला असतो. खाली सिगारेटच्या थोटकांचा खच. ती तेवढा बघते.

बघणार असाल तर 'फॉलन लीव्ह्ज' ८१ मिनिटांचा आहे. आपल्याकडे तेवढ्यात जेमतेम मध्यंतर होतं.